स्ट्रायकर विरुद्ध ग्रॅपलर: लढतीआधी काय पाहायचं आणि काय लिहायचं

एमएमएची (मिक्स्ड मार्शल आर्ट्सची) लढत जाहीर झाली की पहिला प्रश्न ठरलेला: उभ्याने कोण भारी आणि जमिनीवर कोण भारी? मी प्रीव्ह्यू लिहायला बसते तेव्हा हा प्रश्न बाजूला ठेवते, कारण त्याचं उत्तर सगळ्यांना आधीच माहीत असतं. मी पाहते ती मधली जागा. ग्रॅपलर, म्हणजे धरून-पाडून लढणारा, अंगाला भिडतो कसा, भिडल्यावर पाडतो कसा, आणि पडलेला स्ट्रायकर, म्हणजे ठोसे-लाथांवर लढणारा, किती वेळात उठतो? मी स्वतः मॅटवर ग्रॅपलिंग करते. समोरच्याला पाडणं आणि पाडून दाबून ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे तिथे अंगाला कळतं.

ठोशाच्या ताकदीसाठी ओळखल्या जाणाऱ्या फ्रान्सिस एन्गानूच्या तीन लढती पाहा. 2018 च्या जानेवारीत स्टिपे मिओचिचने त्याला पाच राउंड कुस्ती खेळायला लावली. एन्गानू लवकरच दमला आणि तिन्ही जजनी मिओचिचच्या बाजूने 50-44 असे गुण दिले. 2021 च्या मार्चमध्ये तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. पहिल्याच राउंडमध्ये मिओचिच पायांवर झेपावला, एन्गानूने स्प्रॉल करून (स्वतःचे पाय मागे फेकून वजन टाकत) त्याला खाली दाबलं आणि मागे जाऊन ठोसे मारले. दुसऱ्या राउंडमध्ये त्याने नॉकआउट केलं. ठोशाची ताकद 2018 मध्येही तेवढीच होती. पायांवरचा हल्ला अडवणं आणि दम राखणं या दोन गोष्टी सुधारल्या, आणि निकाल उलटा लागला. पुढे 2022 च्या जानेवारीत सिरिल गानविरुद्ध गुडघा दुखावलेला असताना हाच एन्गानू सुरुवातीला मागे पडला, मग टेकडाउनवर टेकडाउन घेत, म्हणजे पुन्हा पुन्हा पाडत, पाच राउंडची लढत गुणांवर जिंकला. म्हणून ‘स्ट्रायकर’ हा शिक्का मी शेवटी मारते, आधी नाही.

व्हिडिओ पाहताना पहिल्यांदा आवाज बंद करा. समालोचक मोठ्या ठोशांवर ओरडतात, आपल्याला बारीक गोष्टी हव्या असतात. ग्रॅपलर मोकळ्या जागेत दुहेरी पट घेतो (दोन्ही पाय धरून पाडतो) की आधी फेन्सपर्यंत, म्हणजे केजच्या जाळीपर्यंत, ढकलत नेतो? मोकळ्या जागेतला पट चपळाईवर आणि फसव्या ठोशावर चालतो. फेन्सवरचा चिकाटीवर चालतो: एक पाय धरायचा, तो सुटला तर कंबर, कंबर सुटली तर पाठ. ग्रॅपलर खबीब नुर्मागोमेदोव्ह हे दुसरं काम असं करायचा की पहिला प्रयत्न फसला तरी समोरच्याला मोकळा श्वास मिळत नसे. ज्याचा सगळा खेळ पहिल्या झेपेवर आहे त्याला चांगला स्प्रॉल पुरतो. ज्याला साखळी जोडता येते त्याच्यासमोर स्प्रॉल ही फक्त सुरुवात असते.

मग स्ट्रायकरकडे वळा आणि त्याचे पाय पाहा. मागे सरकताना तो सरळ रेषेत जातो का? जात असेल तर पाठ फेन्सला लागणारच. बाजूला वळून निघणारा स्ट्रायकर ग्रॅपलरला सतत नव्याने मापं घ्यायला लावतो. मधल्या उंचीच्या किक फार मारत असेल तर लिहून ठेवा, कारण पकडलेली किक म्हणजे आयता मिळालेला टेकडाउन. एक उजव्या हाताचा आणि एक साउथपॉ (डावखुऱ्या पवित्र्याचा) असेल तर दोघांचे पुढचे पाय जवळजवळ येतात, आणि बाहेरच्या बाजूला पाय कोण ठेवतो, एकेरी पट कोणाला सोपा पडतो हे त्यावर ठरू लागतं.

टेकडाउन डिफेन्सच्या टक्केवारीवर भिस्त ठेवू नका. कोणासमोर अडवले ते त्या आकड्यात दिसत नाही. ज्याच्याविरुद्ध आजवर उभे राहून ठोसे मारणारेच लढले, त्याची टक्केवारी सुंदर दिसेल आणि काहीच सांगणार नाही. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: पडल्यावर काय? काही स्ट्रायकर वारंवार पडतात, पण लगेच फेन्सकडे सरकतात, पाठ टेकवतात, अंडरहूक मिळवतात (समोरच्याच्या काखेखालून हात घालतात) आणि उभे राहतात. काही क्वचित पडतात आणि पडले की राउंड संपेपर्यंत तिथेच राहतात. या दुसऱ्यांबद्दल मला जास्त काळजी वाटते.

पाडणाऱ्यालाही त्याची किंमत मोजावी लागते. 2015 च्या जुलैमध्ये ग्रॅपलर चॅड मेंडिस आयत्या वेळी बदली म्हणून स्ट्रायकर कोनॉर मॅकग्रेगरसमोर आला. त्याने मॅकग्रेगरला पाडलं, वरून कोपरं मारली, पण दम संपला आणि दुसऱ्या राउंडच्या शेवटच्या सेकंदांत मॅकग्रेगरने त्याला संपवलं. 2018 मध्ये खबीबने त्याच मॅकग्रेगरला पहिल्या राउंडपासून वजनाखाली ठेवलं, दुसऱ्यात उजव्या ठोशाने पाडलं आणि चौथ्यात मान आवळून हार मानायला लावली. तो ठोसा लागला कारण मॅकग्रेगरचं लक्ष पटाकडे होतं. पाडण्याची भीती स्ट्रायकरचे हात खाली आणते. प्रीव्ह्यूत हा मुद्दा नेहमी लिहा, तो सहसा सुटतो.

उलट दिशाही तपासा. खालच्या माणसाला सबमिशन, म्हणजे आवळून किंवा पिळून हार मानायला लावणं, येतं का? 2010 च्या ऑगस्टमध्ये चेल सॉननने अँडरसन सिल्व्हाला चार राउंड खाली दाबून मारलं, आणि पाचव्यात सिल्व्हाने पायांच्या त्रिकोणात अडकवून जिंकलं. सिल्व्हा जगाला स्ट्रायकर म्हणून माहीत होता, पण ब्राझिलियन जिउ-जित्सूचा ब्लॅक बेल्टही त्याच्याकडे होता.

नियम थोडक्यात. राउंड पाच मिनिटांचे, नेहमीच्या लढतीत तीन, किताबाच्या लढतीत पाच. प्रत्येक राउंड उभ्यानेच सुरू होतो, म्हणजे ग्रॅपलरला दर वेळी पुन्हा ते अंतर कापायचं असतं. लहान केज त्याच्या फायद्याचा. गुण देताना जज आधी परिणाम पाहतात, नुसतं वर बसून राहण्याला पूर्वीइतकं वजन नाही. यूएफसी या एमएमए संस्थेच्या लढतींत 2024 च्या नोव्हेंबरपासून वरून सरळ खाली मारलेलं कोपर चालतं, त्यामुळे फेन्सला पाय धरून चिकटलेल्या ग्रॅपलरच्या मागे आता एक जास्तीचा धोका आहे.

आता लिहायचं कसं? मी आधी दोन लढती लिहून काढते: ग्रॅपलर जिंकला तर पहिली पाच मिनिटं कशी दिसतील, आणि स्ट्रायकर जिंकला तर कशी. दोन्ही चित्रं पटण्याजोगी झाली की मगच बाजू घेते. ‘एका ठोशात काहीही होऊ शकतं’ हे वाक्य मी लिहीत नाही, ते कुठल्याही लढतीला लागू पडतं. कोणता ठोसा, कोणत्या क्षणी, ते लिहा: पटासाठी डोकं खाली घालताना वर येणारा गुडघा, किंवा क्लिंच (उभ्याने घातलेली मिठी) सुटतानाचं कोपर. 2019 मध्ये जॉर्ज मासविदालने कुस्तीगीर बेन ॲस्क्रेनला उडत्या गुडघ्याने पाच सेकंदांत संपवलं, कारण ॲस्क्रेन डोकं खाली घालून येणार हे त्याला ठाऊक होतं.

अंदाज देताना विजेता, पद्धत आणि राउंड, तिन्ही द्या. आणि वजनाच्या दिवसानंतर एकदा पुन्हा वाचा. ग्रॅपलरने वजन कष्टाने उतरवलेलं दिसलं, गाल आत गेलेले, पायऱ्या चढताना आधार घ्यावा लागतोय, तर माझ्या अंदाजातल्या शेवटच्या दोन राउंडचा हिशेब मी बदलते.