क्रीडा संघटनेनं बंदी घातली? नागपूर खंडपीठात जाण्याआधी फाइल अशी तयार करा

बंदीचं पत्र हातात पडलं की खेळाडू आणि पालक पंचाची चूक, निवड समितीतलं राजकारण यावरच बोलत राहतात. कोर्टात त्याचा उपयोग कमी. मैदानात काय घडलं याचा फेरनिवाडा न्यायाधीश सहसा करत नाहीत. निर्णय घेताना संघटनेनं स्वतःचे नियम आणि नैसर्गिक न्यायाची तत्त्वं (बाजू मांडायची संधी, निःपक्ष निर्णय) पाळली का, हे ते बघतात. म्हणून वकिलाकडे जाताना तीन कागद आधी मिळवा: संघटनेची घटना (शिस्तभंगाच्या नियमांसह), कारणे दाखवा नोटीस आणि अंतिम आदेश.

हे तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. घटनेत शिक्षेचा अधिकार शिस्तपालन समितीला असेल आणि पत्र एकट्या सचिवांच्या सहीनं निघालं असेल, तर समितीचा ठराव आणि गणसंख्येची (बैठकीला लागणाऱ्या किमान सदस्यांची) नोंद लेखी मागा. तक्रार करणारा माणूसच निर्णयाला बसला होता का, तेही पाहा. सगळ्यात जास्त गफलत नोटीस आणि आदेश यांच्यात सापडते. समजा, नोटिशीत आरोप आहे ‘पंचांशी गैरवर्तन’, आणि आदेशात ‘संघटनेची बदनामी’ म्हणून दोन वर्षांची बंदी. ज्या आरोपाचं उत्तर कधी मागितलंच नाही, त्याची ही शिक्षा झाली. याचिकेत हा मुद्दा सर्वांत वर यायला हवा. व्हिडिओ किंवा पंचांचा अहवाल वापरला, पण खेळाडूला दाखवला नाही, हीसुद्धा तितकीच गंभीर त्रुटी. आदेशात कारणं नसतील तर ती नंतर प्रतिज्ञापत्रातून भरून काढता येत नाहीत. मोहिंदर सिंग गिल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्येच हे सांगितलं आहे.

घटनेत अपिलाची सोय असेल तर मुदतीत अपील करा, उपयोग होणार नाही असं वाटत असलं तरी. नाहीतर ‘पर्यायी मार्ग वापरला नाही’ म्हणून याचिका दारातूनच परत येते. सुनावणीच दिली नाही किंवा अधिकारच नव्हता, अशा वेळी अपवाद होतो (सर्वोच्च न्यायालयाचा व्हर्लपूल निकाल, 1998), पण त्याच्या भरवशावर अपिलाची मुदत जाऊ देऊ नका.

आता कोर्ट कोणतं? राज्य किंवा राष्ट्रीय संघ निवडणारी संघटना सार्वजनिक स्वरूपाचं काम करते, म्हणून तिच्याविरुद्ध राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली सिव्हिल लाइन्समधल्या नागपूर खंडपीठात रिट (थेट उच्च न्यायालयात दाद मागणारी याचिका) करता येते. बीसीसीआय ही राज्यघटनेच्या अर्थानं ‘राज्य’ (सरकारी यंत्रणा) नाही, तरी तिच्याविरुद्ध 226 चा मार्ग खुला आहे, हे झी टेलिफिल्म्स खटल्यात 2005 मध्ये स्पष्ट झालं. गल्लीतल्या क्लबनं सदस्यत्व काढलं तर मात्र दिवाणी न्यायालयात ही कारवाई बेकायदा असल्याची घोषणा आणि मनाईहुकूम मागणारा दावा हाच साधा रस्ता. संघटना दिल्लीची असेल, तर आदेशाचा ईमेल नागपुरात मिळाला एवढ्यावर विसंबू नका. चौकशीचा किंवा ज्यावरून बंदी आली त्या प्रसंगाचा काही भाग विदर्भात घडला असल्याचं दाखवा. 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे, त्यामुळे आपला वाद तिकडे जातो का, हे वकिलांकडून आधीच पक्कं करून घ्या. डोपिंगचं प्रकरण तर पूर्ण वेगळं: त्यासाठी 2022 च्या राष्ट्रीय डोपिंगविरोधी कायद्याखालचं शिस्तपालन पॅनेल आणि अपील पॅनेल आहे.

याचिकेत संघटनेला प्रतिवादी करा, नुसत्या पदाधिकाऱ्याला नको. मराठी ठराव आणि पत्रांचा इंग्रजी अनुवाद जोडा, कारण उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. रिटला ठरलेली मुदत नाही, पण निवड चाचणीच्या आदल्या दिवशी धावत गेलात तर ‘इतके दिवस कुठे होता?’ हा प्रश्न येणारच. चाचणीचं परिपत्रक जोडा आणि ‘अंतिम निकालाच्या अधीन राहून खेळू द्यावं’ अशी अंतरिम मागणी तारखेसह लिहा. मोघम स्थगिती मागितली तर संघटना चाचणीला बोलावत नाही आणि आदेशाच्या अर्थावरच वाद सुरू होतो.

जिंकणं म्हणजे बंदी कायमची गेली, असंही समजू नका. क्रिकेटपटू श्रीशांतवरची आजीवन बंदी सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2019 मध्ये रद्द केली, पण शिक्षा किती हा प्रश्न तीन महिन्यांत ठरवण्यासाठी बीसीसीआयकडेच परत पाठवला. पुढे ती सात वर्षांवर आली. म्हणून मुख्य मागणीतच फेरसुनावणीची कालमर्यादा, आधीच्या समितीतले सदस्य वगळणं आणि तोवर खेळण्याची मुभा, या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहून घ्या.