पॅक्स सर्व्हर वेगळा काढताना खरी गोम सी-मूव्हमध्ये

नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या हॉस्पिटलांत नेटवर्कचं काम धरलं की हे फर्मान कधी ना कधी येतंच: ‘पॅक्स सर्व्हर बाकीच्यांपासून वेगळा करा.’ बिलिंग, सीसीटीव्ही, नातेवाइकांचं वाय-फाय आणि एमआरआय, एक्स-रेच्या इमेजेस ठेवणारा हा पॅक्स सर्व्हर, सगळे एकाच नेटवर्कवर नांदत असतात.

नुसता वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचवरचं वेगळं आभासी नेटवर्क) बनवला म्हणजे झालं, असं समजू नका. लेयर थ्री स्विचवर राउटिंग (एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जायची वाट) चालू असलं तर रिसेप्शनवरून सर्व्हर पूर्वीसारखाच पिंग होतो. अडवायचं काम एसीएल (कोणाला कुठे जाऊ द्यायचं याची स्विचवरची नियमयादी) किंवा फायरवॉलचं. हे ठाऊक असेलच, पुढे जातो.

माझी झोप उडवली ती सी-मूव्हने, म्हणजे सर्व्हरकडून इमेजेस मागवायच्या आज्ञेने. नियम साधा वाटतो: डॉक्टरांच्या वर्कस्टेशनला सर्व्हरच्या पोर्ट १०४ वर (काही ठिकाणी ११११२) जाऊ द्यायचं, परतीच्या वाटेवर ‘एस्टॅब्लिश्ड’ (आधीच उघडलेल्या कनेक्शनची उत्तरंच येऊ द्या) लिहायचं, बाकी बंद. सी-एको (जोडणी आहे का याची चाचणी) पास होतो. पेशंटची यादीही दिसते, कारण सी-फाइंडचं (शोधायच्या आज्ञेचं) उत्तर त्याच कनेक्शनवरून येतं. मग रेडिओलॉजिस्ट मॅडम स्टडीवर (एका तपासणीच्या इमेजेसवर) क्लिक करतात आणि पट्टी शून्यावरच बसून राहते.

सी-मूव्हमध्ये वर्कस्टेशन फक्त सांगतं, ‘ही स्टडी अमुक एई टायटलला (यंत्राच्या ठरलेल्या नावाला) पाठव.’ सर्व्हर आपल्या यादीत त्या टायटलचा आयपी आणि पोर्ट बघतो आणि स्वतःहून नवं कनेक्शन उघडतो, उलट्या दिशेने! ‘एस्टॅब्लिश्ड’च्या लेखी हे परतीचं उत्तर नाहीच, नवं कनेक्शन मागणारं अनोळखी सिन पॅकेट आहे, तिथेच ते गळतं. स्टेटफुल (चालू कनेक्शन लक्षात ठेवणारा) फायरवॉल असला तरी तेच. सर्व्हरकडून प्रत्येक वर्कस्टेशनच्या ऐकणाऱ्या पोर्टकडे वेगळा नियम लागतो. वर्कस्टेशनचा आयपीही पक्का हवा. डीएचसीपीने (आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेने) तो बदलला की सर्व्हर जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. त्यामुळे सी-एकोच्या भरवशावर कोणाला ‘झालं’ म्हणू नका. एखादी जुनी स्टडी मागवा, उघडून बघा.

नेमकं याच वेळी एखादा सीनियर मागून म्हणतो, ‘अबे, सध्या परमिट आयपी एनी एनी टाक ना, उद्या पाहू.’ आपल्याकडचं ‘उद्या पाहू’ दिवाळीपर्यंत सहज जातं. सीनियरकडून केबलिंग शिका, कंपनीच्या इंजिनिअरशी बोलायचं कसं ते शिका. सगळ्यांना सगळीकडे जाऊ देणारी ही एक ओळ मात्र घेऊ नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला, तेव्हा संसदेतल्या उत्तरात सरकारने नेटवर्कचं योग्य विभाजन नसल्याचंच कारण दिलं होतं.

पण दडपून जायचं कारण नाही. पहिल्याच दिवशी काही बंद करू नका. आधी फक्त लॉग चालू ठेवा आणि सर्व्हरशी कोण कोण बोलतं ते बघा. रात्री आयसीयूत फिरणारं पोर्टेबल एक्स-रे मशीन दिवसाच्या लॉगमध्ये सापडत नाही, म्हणून निदान आठवडाभर थांबा. प्रशासन घाई करेलच, करू द्या. नियम लागले की रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरचे ४४५ (फाइल शेअरिंग) आणि ३३८९ (रिमोट डेस्कटॉप) हे पोर्ट मुद्दाम ठोकून बघा; दोन्ही बंद मिळाले पाहिजेत.

आणि स्विचवर कॉन्फिगरेशन सेव्ह करा. मे महिन्यात लाइट जाते, यूपीएस दगा देतो, स्विच रीस्टार्ट होतो आणि सेव्ह न केलेला एसीएल साफ उडतो. इमेजेस तरीही येत राहतात, त्यामुळे तक्रार करायला कोणी येत नाही.