स्ट्रॉबेरी: खर्च कुठे वाचवायचा, भाव कुठे मिळवायचा

महाबळेश्वर–पाचगणी पट्ट्यात बहुतेक जण लागवड वाढवून नफा शोधतात. आधी मेलेली रोपे मोजा. दोन गाद्यांच्या (उंच वाफ्यांच्या) मध्यांत 4 फूट, गादीवर दोन ओळी आणि रोपांत 1 फूट अंतर धरले, तर एकरी साधारण 21,800 रोपे बसतात. त्यातली 10 टक्के मेली, तर 2,180 रोपांचे पैसे गेले आणि त्यांची ठिबक, मल्चिंग (गादीवरचा प्लास्टिक कागद) नुसती वाया गेली.

रोपवाटिकेपासून सुरुवात करा. रनर (मातृरोपाच्या वेलीसारख्या फुटव्यावरची रोपे) घेताना नुसती पाने पाहू नका. पिशवी फाडून चार-पाच रोपांची मुळे पाहा. ती पांढरी, भरपूर हवीत. एखाद्या रोपाचा मधला गाभा उभा चिरा. आत तांबूस किंवा तपकिरी रंग दिसला तर ती खेप नाकारा. मूळकुज, खोडकुज शेतात अशीच शिरते, आणि नंतर कितीही आळवणी केली (मुळाशी औषध ओतले) तरी रोप सावरत नाही.

जमीन 5.5 ते 6.5 सामूची (pH), निचऱ्याची हवी. गादी फूटभर उंच करा. एकरी 10 टन चांगले कुजलेले शेणखत टाका. कच्चे शेणखत टाकले की मुळे खाणाऱ्या हुमणी अळीला आमंत्रणच. त्यातल्या 100 किलो शेणखतात 1 किलो ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा, ओलसर ठेवून सावलीत आठवडाभर झाका, मग गादीत घाला.

लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरल्यावर, दुपार कलल्यावर करा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मधला गाभा, म्हणजे क्राउन, मातीच्या बरोबरीत राहिला पाहिजे. खोल गेला की कुजतो, वर राहिला की मुळे सुकतात. पहिल्या पाण्यानंतर माती बसते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी मारून उघडी मुळे झाका. रोप जम धरेपर्यंत आलेली फुले आणि रनर खुडा. जीव तुटतो, पण खुडाच.

ठिबकचा हिशेब सोपा आहे. गादीला एक नळी, फुटा-फुटावर ताशी 2 लिटरचा ड्रिपर असेल, तर दर रोपाला तासाला 1 लिटर पाणी मिळते. म्हणजे 20 मिनिटांत सुमारे 330 मिलि. एकदम सोडण्यापेक्षा दोन पाळ्यांत द्या आणि मल्चिंगखाली हात घालून मूठभर माती दाबा. पाणी निथळले तर पाळी कमी करा. पानांच्या कडा करपत असतील तर आधी पाण्याची क्षारता तपासा. स्ट्रॉबेरीला क्षार सोसत नाहीत, आणि विद्राव्य खत वाढवले की त्रास आणखी वाढतो.

वाकडी, दबकी फळे दिसली की अनेक जण औषधाच्या दुकानात जातात. पुष्कळदा कारण अपुरे परागीभवन असते: ज्या बीजाला पराग मिळत नाही, त्याभोवतीचा गर फुगत नाही. एकरी दोन मधपेट्या ठेवा. तालुक्यातलेच मांघर 2022 पासून ‘मधाचे गाव’ आहे. पेट्यांबद्दल विचारायला लांब जायला नको. फवारणी संध्याकाळी, माश्या परतल्यावर करा. करडी बुरशी लागलेले फळ सरीत फेकू नका, बादलीत गोळा करून शेताबाहेर पुरा. रस्त्याकडेच्या धुळीत लाल कोळी ही कीड फोफावते, तिथल्या पानांची खालची बाजू आधी पाहा. औषध स्ट्रॉबेरीसाठी शिफारस असलेलेच वापरा आणि लेबलवरचे काढणीपूर्व दिवस (फवारणी आणि तोडा यांत सोडायचे दिवस) पाळा. फळ सालीसकट खाल्ले जाते आणि तोडा दोन-तीन दिवसांनी असतो.

भाव तोड्यात ठरतो. स्ट्रॉबेरी तोडल्यावर गोड होत नाही, नुसती लाल होते. लांबच्या बाजाराला तीन-चतुर्थांश रंगावर, रस्त्यावरच्या पर्यटकाला पूर्ण लाल द्या. पहाटेच्या गारव्यात, देठाचा सेंटिमीटरभर तुकडा ठेवून नखाने तोडा. थेट पनेटमध्ये (विक्रीच्या छोट्या डब्यात) भरा, दोनदा हाताळले की डाग पडतात. तासाभरात सावलीत आणि शक्य असेल तर 0 ते 2 अंशांच्या शीतगृहात न्या. लहान, डागाळलेला माल वेगळा काढून देठ काढून प्रक्रियेला पाठवा. चांगल्या पनेटच्या तळाशी लपवलेला माल पुढच्या वेळी पूर्ण खेपेचा भाव पाडतो. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून ते पनेटवर छापता येते.

हंगाम संपल्यावर मल्चिंगचा कागद जाळू नका, नांगरटीत पुरूही नका. ओलसर असतानाच गुंडाळून काढा, म्हणजे तुकडे कमी पडतात. मग पावसाळ्यात ताग किंवा नाचणी घ्या. त्या रानात टोमॅटो, बटाटा, वांगी नकोत, त्यांचे मर रोग स्ट्रॉबेरीलाही लागतात.