धडधड चिंतेची की कॉफीची, हे कसं ओळखायचं?

चिंतेचा त्रास असलेल्याने कॉफी सोडायलाच हवी, असं मी म्हणणार नाही. पण आपल्याला ती कितपत सोसते हे एकदा नीट तपासा, असा माझा आग्रह आहे. हा त्रास मला बऱ्याच वर्षांपासून आहे. औषधं आणि समुपदेशन चालू असतानाही या तपासणीने मला मोठा आधार दिला.

मेंदूत दिवसभर अ‍ॅडेनोसिन साठत जातं आणि त्याने झोप येते. कॉफीतलं कॅफिन त्याची जागा अडवतं, म्हणून तरतरी वाटते. त्याच वेळी शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनही वाढतं. मग छाती धडधडते, तळहात ओलसर होतात, बोटं थरथरतात. ज्याचं मन मुळातच धोक्याची चाहूल घेत असतं, त्याला हीच धडधड संकटाची खूण वाटते. घाबरल्याने ती आणखी वाढते.

म्हणून आठवडाभर सवयीत काहीही न बदलता फक्त लिहा: किती वाजता, काय, केवढा कप. शेजारी धडधड, पोटातला गोळा, रात्रीची झोप. माझ्या वहीत सव्वादहाला कॉफी होती आणि अकराला ‘मीटिंगची भीती’. दुसऱ्या दिवशी मीटिंग नव्हती, तरी अकराच्या पुढे तेच लिहिलेलं. कॅफिनचा जोर बहुतेकांना पाऊण-एक तासात चढतो. वही नसती, तर मी मीटिंगलाच दोष देत राहिले असते.

निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगतात. तो आकडा आपल्यासाठी धरू नका. पॅनिकचा, म्हणजे अचानक तीव्र भीती दाटून येण्याचा त्रास असलेल्यांना तेवढ्या मात्रेने भीतीचा झटका येऊ शकतो. काहींना एक कपही जड जातो. निम्मं कॅफिन शरीरातून जायला साधारण ५ तास लागतात, पण गर्भनिरोधक गोळ्या किंवा गरोदरपणात हा काळ बराच लांबतो. सिगारेट सोडल्यावरही तोच कप जास्त चढतो. फ्लुवोक्सामाइन हे औषध तर कॅफिन शरीरात फार वेळ अडकवून ठेवतं. लिथियम किंवा क्लोझापिन ही मानसिक आजारांवरची औषधं चालू असतील, तर कॅफिन कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगाच, कारण त्याने लिथियमची रक्तातली पातळी वाढू शकते आणि क्लोझापिनची घटू शकते.

कमी करताना एकदम तोडू नका. १२ ते २४ तासांत डोकं ठणकू लागतं, चिडचिड होते, आणि आपल्याला वाटतं, चिंता वाढली. दर तीन-चार दिवसांनी पाव कप कमी करा. सगळ्यात आधी दुपारनंतरचा कप काढा, कारण झोप सुधारली की दुसऱ्या दिवशीची चिंता निम्मी हलकी होते, हा माझा अनुभव. सकाळचा कप काही खाल्ल्यावर घ्या. चहा, कोला, एनर्जी ड्रिंक, डार्क चॉकलेट, डोकेदुखीच्या काही गोळ्या, हेही हिशोबात धरा. डिकॅफमध्येही, म्हणजे कॅफिन काढलेल्या कॉफीतही, थोडं कॅफिन असतंच.

छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडलात, तर वही बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठा.

कमी केलेल्या प्रमाणावर दोन आठवडे राहा आणि मग वहीची पानं शेजारी ठेवून पाहा. फरक दिसला नाही, तर तुमचा सकाळचा कप खुशाल घ्या. चिंतेचं मूळ दुसरीकडे शोधावं लागेल, आणि ते समुपदेशकाशी बोलताना हीच वही सोबत न्या.