उष्माघात: आधी अंग गार करा, मग दवाखाना

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा 42-43 अंशांवर जातो. अशा दिवसांत काम करता करता माणूस बरळू लागला, साध्या प्रश्नाला भलतंच उत्तर देऊ लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा त्याला झटके आले, तर उष्माघातच समजा. अंग कोरडं पडण्याची वाट पाहू नका. यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये राबणारा माणूस कोसळतो तेव्हा घामाने निथळतही असतो, आणि ‘घाम येतोय ना, मग ठीक आहे’ म्हणण्यात जीव जातो. आतलं तापमान 40 अंशांच्या वर असतं. काखेत लावलेला थर्मामीटर ते कमी दाखवतो. मेंदू आणि मूत्रपिंडांना किती इजा होणार, हे अंग किती वेळ तापलेलं राहिलं यावर ठरतं.

म्हणून एकाने 108 ला फोन करावा, बाकीच्यांनी लगेच पाण्याला लागावं. सावलीत न्या, कपडे काढा. पाण्याचा हौद असेल तर मानेपर्यंत बसवा, पण मागून काखेत हात घालून दोघांनी धरून ठेवा. हौद नसेल तर अंगभर पाणी ओतत राहा आणि जोरात पंखा लावा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी कढत असतं. माठातलं किंवा बोअरचं घ्या. बर्फ मिळाला तर पंच्यात बांधून मान, काखा आणि जांघांत ठेवा. ओली चादर पांघरून ठेवू नका, आपली जाड सोलापुरी तर नकोच. ती उष्णता कोंडते. माणूस नीट बोलू लागेपर्यंत किंवा गाडी येईपर्यंत हे चालू ठेवा.

शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुफ्फुसात जातं. पॅरासिटामॉल देऊ नका: हा तापासारखा ताप नव्हे, त्यामुळे गोळीने उतरत नाही. खिशातल्या कांद्यानेही काही होत नाही.

चक्कर, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, पण शुद्ध पक्की असेल तर सावलीत आडवं करून पाय उंच ठेवा. 1 लिटर पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा. अर्ध्या तासात उतार नाही, किंवा उलट्या थांबत नाहीत, तर दवाखाना गाठा.

सगळ्यात जास्त जपायचं ते नव्या कामगाराला. उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी त्याला पाळीच्या पाचव्या हिश्श्याइतकंच काम द्या आणि रोज तेवढंच वाढवत न्या. पाणी तहानेवर सोडू नका, दर 20 मिनिटांनी एक पेला द्या. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्यांनी उन्हाळा लागतानाच डॉक्टरांना विचारून घ्यावं, गोळी मनाने बंद करू नये.