बॉम्बरचे वेग ताडून बघायचेत? आधी उंचीचा रकाना आखा

वहीत सहा रकाने आखा: विमान, मॅक (आवाजाच्या वेगाच्या किती पट), ताशी किलोमीटर, उंची, वजन, आणि त्या वेगाने किती लांब जातं. उंचीचा रकाना रिकामा राहिला तर मॅक आणि किलोमीटरचे आकडे धरू नका. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये तपासणीच्या टेबलावर काम करते. ड्रॉइंगवर माप आहे पण टॉलरन्स (माप किती कमी-जास्त चालेल ते) नाही, असा जॉब मी पुढे सोडत नाही, मग सुपरवायझर मराठीत ओरडो नाहीतर कन्नडमध्ये. विमानाचा टॉप स्पीड उंचीशिवाय सांगणं तसलंच.

आमच्या अनगोळच्या पोरांचा प्रश्न ठरलेला: "आत्या, टीयू-160 फास्ट का बी-1?" पहिलं रशियाचं बॉम्बर, दुसरं अमेरिकेचं. मोबाईलवर दोन आकडे शेजारी ठेवतात आणि निकाल लावून मोकळे होतात. त्यातला एक हत्तरगीच्या एसईझेडमध्ये सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) विमानांचे भाग काढतो. मायक्रॉनवर जीव टाकणारा तो पोरगाही इथे मात्र डोळे झाकून आकडा उचलतो!

मॅक आवाजाच्या वेगावर मोजायचा. आता आवाजाचा वेगच सगळीकडे सारखा नसतो, हवा गार झाली की तो उतरतो. समुद्रसपाटीला 15 अंश तापमानात तो ताशी 1,225 किलोमीटर धरतात. 11 किलोमीटर उंचीवर उणे 56.5 अंश असतं, तिथे तो 1,062 वर येतो आणि पुढे 20 किलोमीटरपर्यंत तोच धरायचा. स्वतः काढायचा असेल तर सेल्सिअसच्या अंशांत 273 मिळवा, वर्गमूळ काढा, 72.2 ने गुणा. कॅल्क्युलेटरवर होतं. आकडा मैलात असेल तर 1.609 ने गुणा, नॉटमध्ये (ताशी सागरी मैल) असेल तर 1.852 ने. नॉट आणि मैल एकच समजणारे पुष्कळ भेटतात.

आता सगळ्यात कामाची युक्ती. ताशी किलोमीटरच्या आकड्याला मॅकच्या आकड्याने भागा. उत्तर 1,062 च्या आसपास आलं तर आकडे उंचावरचे, 1,225 च्या जवळ आलं तर जमिनीलगतचे. रशियाच्या टीयू-22एम3 बॉम्बरवर करून बघा. त्याच्या नावावर मॅक 1.88 आणि 2,300 किलोमीटर असे दोन्ही आकडे फिरतात. भागाकार येतो 1,223. म्हणजे हे जमिनीलगतचं गणित झालं, आणि हे विमान एवढा वेग घेतं ते उंचावर. 1.88 खरं मानलं तर वेग 2,000 च्या आसपास येतो, 2,300 खरं मानलं तर मॅक 2.17 होतो. दोन्ही एकदम खरे नाहीत. कुठला आकडा कुठून आला ते कळेपर्यंत मी त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह ठेवते.

बी-1बीची (कामावर असलेलं बी-1 ते हेच) गंमत वेगळी. अमेरिकी हवाई दलाच्या माहितीपत्रकात ताशी 900 मैलांहून जास्त, समुद्रसपाटीला मॅक 1.2 असं आहे. 900 मैल म्हणजे 1,448 किलोमीटर, भागाकार 1,207, ठीक जमतो. दुसरीकडे 40,000 फुटांवर मॅक 1.25 आणि 1,335 किलोमीटर असं दिसतं. हाही भागाकार जमतो, 1,068. फक्त उंची निराळी. पहिल्यातले किलोमीटर घेऊन दुसऱ्यातल्या मॅकशी जोडले की गाडी रुळावरून घसरली. शिवाय जमिनीला चिकटून आत घुसण्याचा वेग मॅक 0.92 च्या आसपास सांगतात, तो आवाजाच्याही खाली. त्याची ओळ वेगळी लिहा.

टीयू-160 सरळ आहे: उंचावर साधारण 2,200 किलोमीटर, मॅक 2.05 च्या घरात. बेळगाव ते निपाणी 75 किलोमीटर धरा. टीयू-160 ला दोन मिनिटं, बी-1बीला उंचावर साडेतीन मिनिटांच्या आत. एवढा फरक का, ते इंजिनाच्या तोंडाशी, हवा आत घेणाऱ्या इनटेकमध्ये बघा. आवाजापेक्षा वेगाने आलेली हवा इंजिनाच्या पात्यांपाशी पोचण्याआधी आवाजाच्या खाली आणावी लागते. मॅक 2 ला ते नीट जमायला इनटेकच्या आतला रॅम्प (हवेच्या वाटेतली तिरकी फळी) हलता लागतो. टीयू-160 ला तो आहे. बी-1बीला स्थिर इनटेक दिला, कारण त्याला खालून, रडार चुकवत जायचं होतं. म्हणजे त्याचा वेग ठरवून कमी केलाय. पोरं त्याला कमजोरी म्हणतात, मी म्हणणार नाही.

ताकद बघायची तर इंजिनांचा एकूण जोर भागिले जास्तीत जास्त उड्डाण वजन. टीयू-160: चार इंजिनं, आफ्टरबर्नरसकट (इंजिनाच्या मागे जादा इंधन जाळून जोर वाढवतो तो) प्रत्येकी सुमारे 25 टन, वजन 275 टन, उत्तर 0.36. बी-1बी: प्रत्येकी साडेतेरा टनांच्या वर, वजन 216 टन, उत्तर 0.25.

पण आफ्टरबर्नर लावला की इंधन ओढ्यासारखं वाहतं, म्हणून सहावा रकाना. टीयू-160 ची युद्धत्रिज्या (जाऊन परत येता येईल एवढं अंतर) आवाजाच्या आत राहून 7,300 किलोमीटर सांगतात, मॅक 1.5 ने गेल्यास 2,000. त्यामुळे ही विमानं बहुतेक वाट मॅक 0.9 च्या आसपास, ताशी 960 किलोमीटरने कापतात. लांब मोहिमेची बरोबरी करायची तर तोच वेग घ्या. अमेरिकेच्या बी-58 हसलर बॉम्बरने 5 मार्च 1962 ला लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क आणि परत असा पल्ला पावणेपाच तासांच्या आत गाठला. विक्रम खराच, पण वाटेत हवेतच इंधन भरून. हे शेजारी लिहिल्याशिवाय तो आकडा वहीत घेऊ नका.

पोरं विचारतातच: मॅक 2 चं बी-58 1970 ला घरी गेलं, आणि आवाजाच्या आतलं अमेरिकेचंच बी-52 बॉम्बर अजून कामावर कसं? 1 मे 1960 ला सोव्हिएत क्षेपणास्त्राने उंचावरून उडणारं अमेरिकेचं हेरगिरीचं विमान यू-2 पाडलं. त्यानंतर नुसत्या उंची-वेगाच्या जोरावर आत घुसण्याचा भरवसा उरला नाही. बी-58 सांभाळायला महागही फार होतं.

प्रायोगिक विमानांना वेगळं पान द्या. अमेरिकेच्या एक्सबी-70 वाल्किरीने 1966 मध्ये मॅक 3.08 गाठला, पण बनली दोनच, त्यातलं एक त्याच वर्षी 8 जूनला हवेत टक्कर होऊन गेलं. बी-1एही त्याच पानावर. चार बनली, मॅक 2.2 गाठलं, 1977 ला अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी कार्यक्रम बंद केला. मोबाईलवर बी-1 समोर मॅक 2.2 दिसला तर नावाचं शेवटचं अक्षर ए आहे का बी, ते बघूनच ओळ भरा.