स्पितीची सहल फसते कुठे? या चुका टाळा

हिमाचलातल्या स्पिती खोऱ्याच्या सहली बिघडतात तिथल्या मुख्य गावी, काझ्यात, पण चूक झालेली असते पुण्या-मुंबईत तिकीट काढतानाच. मे महिन्याची सुट्टी, विमानाने चंदीगड, रात्रीच्या बसने मनाली, दुसऱ्या दिवशी गाडी करून थेट चंद्रताल तलाव आणि पाच-सहा दिवसांत घरी. बेत कागदावर छान बसतो, पण त्यात ऋतूही चुकतो आणि दिशाही.

बोगदा झाला म्हणजे रस्ता बारमाही झाला, हा समज

अटल बोगदा 3 ऑक्टोबर 2020 रोजी सुरू झाला आणि स्पितीशेजारच्या लाहौलचा हिवाळी एकांतवास बराचसा संपला. स्पितीचा मात्र नाही. बोगदा रोहतांग खिंडीच्या पोटातून जातो. काझ्याला जायचे तर बोगद्यातून बाहेर पडून उजवीकडे कोकसर, ग्रामफू, छतडू, बातल करत पुढे कुंझुमची खिंड चढावीच लागते, आणि ती सुमारे 4,550 मीटरवर आहे. ही खिंड साधारणपणे जूनमध्ये उघडते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बर्फाने बंद होते. चंद्रतालचा फाटाही याच रस्त्यावर. म्हणजे मेच्या सुट्टीत चंद्रताल जवळजवळ नाहीच, आणि दिवाळी उशिरा आली तर तेव्हाही नाही. त्या दिवसांत जायचेच असेल तर शिमला–किन्नौरमार्गे जा आणि त्याच वाटेने परत या. तो रस्ता दरडी आणि मोठा हिमपात सोडला तर वर्षभर चालू असतो.

जुलै-ऑगस्टचा घोळ वेगळाच. स्पिती पर्जन्यछायेत असल्याने काझ्यात ऊन असते, पण तिथवर नेणारे दोन्ही रस्ते पावसाच्या प्रदेशातून जातात आणि किन्नौरमध्ये दरडी कोसळतात. जुलै 2023 मध्ये तर अवेळी बर्फ पडून चंद्रतालला अडीचशेहून जास्त लोक अडकले होते. दोन्ही बाजूंचे रस्ते हवे असतील तर जूनचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर धरा.

मनालीकडून चढणे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. मनाली सुमारे 2,050 मीटरवर, चंद्रताल सुमारे 4,250 वर. एका दिवसात 2,200 मीटर चढून तिथेच तंबूत झोपायचे, म्हणजे डोकेदुखी आणि उलट्यांना आवतण. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढू नये, असा साधा हिशेब आहे. दिवसा कितीही वर जा, झोपायला खाली या.

शिमल्याकडून आले की हा हिशेब बराचसा आपोआप जुळतो. पहिली रात्र सराहन, दुसरी कल्पा (सुमारे 2,960 मीटर). तिसऱ्या दिवशी अनेक जण नाकोला मुक्काम टाकतात. तळे सुंदर आहे, पण नाको सुमारे 3,660 मीटरवर आहे आणि पुढचे ताबो सुमारे 3,280 वर. नाकोला जेवा आणि झोपायला ताबोला उतरा. ताबोला दोन रात्री काढा, मधल्या दिवशी धनकर (सुमारे 3,890 मीटर) पाहून परत या. मग काझ्यात तीन रात्री. की, किब्बर, लांग्झा, हिक्किम, कोमिक ही सगळी 4,100 ते 4,600 मीटरमधली ठिकाणे काझ्याहून दिवसा करायची. आठवी रात्र चंद्रतालला, नववी मनालीत. यापेक्षा कमी दिवस असतील तर चंद्रताल गाळा, ताबोची दुसरी रात्र गाळू नका.

डोके दुखतेय तर कापूर हुंगणे

मराठी मंडळींच्या खिशात कापराची पुडी हमखास असते. कापराने नाकात गार वाटते आणि श्वास मोकळा झाल्याचा भास होतो, पण रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही. छोट्या ऑक्सिजन कॅनचेही तेच. काही मिनिटांचा खेळ. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा उलटा घोटाळा होतो: काझ्यात धडधाकट माणसालाही 85 ते 90 आकडा दिसतो, गारठलेल्या बोटावर तर त्याहून कमी, आणि घरचे घाबरतात. आकड्याकडे नको, माणसाकडे बघा.

डोकेदुखीबरोबर मळमळ, भूक जाणे किंवा गळून गेल्यासारखे वाटत असेल तर ती उंचीची बाधा समजा. त्या दिवशी आणखी वर जायचे नाही. पाणी, गरम जेवण, विश्रांती घ्या. दारू आणि झोपेची गोळी अजिबात नको. ॲसिटाझोलामाइड, म्हणजे बोलीभाषेतले डायमॉक्स, बचावासाठी सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. त्याने लघवी वाढते आणि बोटांना मुंग्या येतात, यात घाबरण्यासारखे काही नाही. सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, असंबद्ध बोलणे, किंवा टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालता न येणे यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. रुग्णाला खाली न्यायचेच.

पण खाली म्हणजे कुठल्या बाजूला? इथे घाईत घोडचूक होते. काझ्याहून मनालीकडे नेले तर आधी कुंझुम चढावी लागते, म्हणजे आजारी माणूस आणखी साडेआठशे मीटर वर. काझ्यातल्या रुग्णाला आधी तिथल्याच सरकारी रुग्णालयात दाखवा आणि उतरवायचे झाल्यास ताबो आणि किन्नौरचे मुख्य गाव रेकाँग पिओ यांच्या दिशेने न्या. चंद्रतालला उलट आहे. तलाव कुंझुमच्या मनालीकडच्या बाजूला आहे, त्यामुळे तिथून बातल–छतडू करत मनालीकडेच उतरायचे.

किलोमीटर पाहून वेळ ठरवणे

मनाली ते काझा जेमतेम 200 किलोमीटर, पण नऊ-दहा तास धरा. ग्रामफू ते बातल या टप्प्यात बर्फाचे वितळलेले पाणी नाल्यांमधून थेट रस्त्यावरून वाहते. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी उन्हाने गुडघाभर होतो. म्हणून कुठल्याही बाजूने निघालात तरी पहाटे निघा. दुचाकीस्वारांनी आधी पुढची गाडी कुठून जाते ते पाहावे आणि पहिल्या गिअरमध्ये एकसारखा ॲक्सिलरेटर देत पार व्हावे. मध्येच क्लच दाबला की गाडी गोट्यांत आडवी.

पेट्रोल काझ्यात मिळते. पुढे मनालीच्या वाटेवर थेट अटल बोगद्याच्या परिसरापर्यंत पंप नाही, म्हणून टाकी काठोकाठ भरून निघा. काझ्यात एटीएम आहे, पण त्यात पैसे असतीलच असे नाही, आणि यूपीआय नेटवर्कच्या मर्जीवर. होमस्टे, ढाबे, पंक्चर यांसाठी रोकड शिमल्यातच काढा. लडाखमध्ये बाहेरचे प्रीपेड सिम चालत नाही, तो नियम हिमाचलला लागू नाही. नेहमीचे सिम चालते, जिथे टॉवर आहे तिथे.

भारतीय नागरिकांना परवाना लागत नाही. पण कुटुंबात कोणी परदेशी पासपोर्टवर असेल तर रेकाँग पिओ ते ताबो या टप्प्यासाठी संरक्षित क्षेत्राचा परवाना लागतो, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचे ओसीआय कार्ड असले तरी. तो रेकाँग पिओला मिळतो. शनिवार-रविवारी तिथे पोचलात तर दोन दिवस तिथेच.

ताबोला अजिंठ्यासारखे बघणे

ताबोला ‘हिमालयातील अजिंठा’ म्हणतात, आणि अजिंठा पाहिलेल्या माणसाची तिथे फसगत होते. अजिंठा कातळात कोरलेला. ताबोचा 996 मध्ये उभारलेला विहार कच्च्या मातीच्या विटांचा. चित्रे मातीच्या गिलाव्यावर, भिंतींतून पुढे झुकलेल्या मूर्तीही मातीच्याच. 1975 च्या किन्नौर भूकंपाने या भिंती हलल्या होत्या. भिंतीला पाठ टेकू नका, सॅक खांद्यावरून उतरवून हातात धरा. आत फोटो काढायला बंदी आहे. मुख्य सभागृहात अंधार असतो. लामांना विचारून छोटी टॉर्च वापरा आणि डोळे सरावायला पाच-दहा मिनिटे द्या. बहुतेक लोक नेमके तेवढ्यातच बाहेर पडतात. प्रदक्षिणा आपल्यासारखीच, स्तूप आणि मणी-दगडांच्या, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांच्या, भिंती उजव्या हाताला ठेवून.

लांग्झाहून दगड आणणे

लांग्झाच्या शेतांत वेटोळ्या शिंपल्याचे ठसे असलेले काळे दगड सापडतात. हे अमोनाइट, हिमालयाच्या जागी एकेकाळी असलेल्या टेथिस समुद्रातले जीव. गंडकीतला शाळिग्राम त्याच कुळातला. मुले ते विकायला आणतात आणि देवघरात ठेवायला म्हणून घ्यावेसे वाटते. घेऊ नका. मागणी आहे तोवर डोंगर खणला जातो. मुलांच्या हाती पैसे द्यायचेच असतील तर त्यांच्या घरी जेवा, मटारच्या हंगामात शेंगा विकत घ्या.

कोरड्या संडासात पाणी ओतणे

गावांतल्या होमस्टेमध्ये वरच्या खोलीत भोक आणि शेजारी माती किंवा राखेचा ढीग असतो. खाली जमलेले खत वसंतात जव आणि मटाराच्या शेतात जाते. पाणी ओतले तर ते कुजण्याऐवजी सडते, हिवाळ्यात गोठते आणि वर्षभराचे खत वाया जाते. वापरून झाले की फावडेभर माती टाका. ओले टिश्यू आणि सॅनिटरी पॅड पिशवीत घालून परत न्या.

परतीचे तिकीट घट्ट बांधणे

मनालीला पोचण्याच्या दिवसानंतर एक अख्खा दिवस मोकळा ठेवून मगच चंदीगडचे विमान घ्या. कुंझुम अचानक बंद झाली तर काझ्याहून किन्नौरमार्गे शिमला आणि तिथून चंदीगड गाठायला दोन दिवस सहज लागतात, मधे दरड पडली तर तीन. निघायच्या आदल्या संध्याकाळी काझ्याच्या बसस्टँडवर मनालीहून आलेल्या ड्रायव्हरला रस्ता विचारा. फोनवरच्या नकाशापेक्षा त्याची माहिती ताजी असते.